न तोडलेल्या सागाचं वजन

उधन्याहून ताप्ती लाइनच्या गाडीत बसलं की बारडोलीपर्यंत ऊस दिसतो. व्यारा मागे पडलं की टेकड्या लागतात, आणि उकाई-सोनगड ते नवापूर या टप्प्यात नजर जाईल तिकडे साग. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागात राहणारी हजारो खानदेशी कुटुंबं लग्नाकार्याला याच वाटेनं गावी जातात. त्यांच्यातल्या कुणीही विचारावा असा हा प्रश्न आहे: ड्रोन उडवून जंगल मोजलं, त्यात इतके टन कार्बन निघाला, असं पेपरात येतं, पण झाड तोडलं नाही, तराजूत घातलं नाही, मग वजन कळलं कसं?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर ड्रोन झाडाचं वजन करतच नाही. तो एक गोष्ट फार छान मोजतो, दुसरी बऱ्यापैकी मोजतो, आणि तिसरीचा फक्त अंदाज बांधतो. वजनाच्या हिशेबात सगळ्यात जास्त भाव नेमका त्या तिसरीला आहे. हे प्रकरण या तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवण्यासाठी.

१. टेप आणि वखारीचा हिशेब

आधी जुनी रीत पाहू, कारण नवी रीत तिच्याच खांद्यावर उभी आहे.

वनरक्षक झाडापाशी जातो, जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाला टेप गुंडाळतो आणि घेर लिहून घेतो. ही उंची साधारण माणसाच्या छातीची. तिथे वाकावं लागत नाही, आणि बुंध्याशी खोड फुगलेलं असतं तो भागही टळतो. जमीन उतरती असेल तर झाडाच्या चढाकडच्या बाजूला उभं राहून मोजायचं, हा नियम. उंचीसाठी लांब उभं राहून शेंड्याचा कोन घ्यायचा. दाट जंगलात इथेच गाडं अडतं, कारण खालून पाहणाऱ्याला शेंडा दिसतच नाही. शेजारच्या झाडाची फांदी शेंडा समजून मोजली जाते.

लाकडाच्या वखारीत हाच घेर वेगळ्या पद्धतीनं वापरतात. घेराचा पाव भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. ३७ इंच घेराचा, १० फूट लांबीचा ओंडका घ्या. ३७चा पाव ९.२५, वर्ग सुमारे ८५.६, गुणिले १०, भागिले १४४: जवळपास ६ घनफूट. भूमितीनं काढलं तर याच ओंडक्यात साडेसात घनफूट लाकूड भरतं. गोल लाकूड चौकोनी चिरताना वाया जाणारा भाग या पाव-घेराच्या हिशेबात आधीच वजा झालेला असतो. सूत्र चुकीचं म्हणता येत नाही, ते व्यापाऱ्याच्या सोयीचं आहे. पुढे कार्बनच्या सूत्रांकडे बघतानाही, हे सूत्र कुणी आणि कशासाठी बसवलं, एवढं विचारायची सवय ठेवावी.

सुरतेला लाकडाची पारख जुनी. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजकारागीर १७३६ साली मुंबईची गोदी उभारायला गेले, आणि पुढे त्यांच्या घराण्यानं बांधलेली सागवानी जहाजं ब्रिटिश आरमारात गेली. १८४०च्या दशकात इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं, तेही सागावर डोळा ठेवूनच. त्या काळी मोजायचं ते तोडण्यासाठी. आता न तोडलेल्या झाडाची किंमत काढण्यासाठी मोजतात.

२. प्रकाश किती वेळात परतला

ड्रोनच्या पोटाखाली जी डबी लटकते तिला लायडार म्हणतात. ती लेसरचा अतिशय छोटा झोत खाली सोडते, तो कशावर तरी आपटून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला तेवढं डबी नोंदवते. बाकी सगळं गणित.

प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. या अब्जाव्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात. समजा ड्रोन जमिनीपासून १०० मीटरवर आहे आणि खाली १८ मीटर उंचीचा साग आहे. शेंड्यावरून परतलेला प्रकाश जाऊन-येऊन १६४ मीटर चालला. त्याला ५४७ नॅनोसेकंद लागले. जमिनीवरून परतलेला २०० मीटर चालला. त्याला ६६७ लागले. फरक १२० नॅनोसेकंदांचा. १२० गुणिले ३० सेंटिमीटर म्हणजे ३६ मीटर. प्रवास दुहेरी म्हणून निम्मे करा. १८ मीटर. झाडाची उंची मिळाली.

असे झोत सेकंदाला लाखोंनी सुटतात. ड्रोनवर सर्रास दिसणारी एक डबी सेकंदाला २ लाख ४० हजार बिंदू टिपते. ड्रोन सेकंदाला ८ मीटर वेगानं जात असेल आणि खालचा ८० मीटर रुंदीचा पट्टा झाडून घेत असेल, तर दर सेकंदाला ६४० चौरस मीटर जागा होते आणि प्रत्येक चौरस मीटरवर पावणेचारशे बिंदू पडतात. चटईएवढ्या जागेत सातआठशे मापं! टेपवाल्या माणसानं आयुष्यभरात घेतली नसतील इतकी मापं एका बॅटरीत होतात.

३. पानांतून खाली

मग साधा फोटो का चालत नाही? गावठाणांची मोजणी तर ड्रोनच्या फोटोंवरच झाली. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत हेच केलं. पण गावठाणात छपरं मोजायची होती आणि छप्पर वरून दिसतं. जंगलात वरून दिसतो तो नुसता पानांचा पृष्ठभाग. फोटो एकमेकांवर बसवून त्या पृष्ठभागाची उंची काढता येते. त्याच्याखाली जमीन कुठे आहे हे फोटोला ठाऊक नसतं.

लेसरचं काम पावसासारखं आहे. भर पावसात झाडाखाली उभे राहा. काही थेंब शेंड्याच्या पानांवरच अडतात, काही मधल्या फांद्यांवर, आणि थोडेसे का होईना, फटीफटींतून तुमच्या डोक्यावर पडतातच. लेसरचा झोतही जमिनीपर्यंत जाताना काही सेंटिमीटर रुंद झालेला असतो. त्याचा एक भाग वरच्या पानावरून परततो, उरलेला खाली जातो, फांदीवरून थोडा, झुडपावरून थोडा, आणि नशीब असेल तर शेवटचा मातीवरून. एकाच झोताचे असे तीन-चार-पाच परतावे वेगवेगळे नोंदले जातात. पहिला परतावा बहुधा झाडाचा माथा. शेवटच्यांपैकी काही तरी जमीन.

‘काही तरी’ हे शब्द महत्त्वाचे. घनदाट पानोळ्यात बहुतेक झोत मातीपर्यंत पोचत नाहीत. पण चौरस मीटरला शेकडो झोत सोडले असतील तर त्यातले चारदोन पोचले तरी भागतं. सगळ्यात खालचे बिंदू निवडून संगणक त्यांच्यावरून जमिनीचा पृष्ठभाग बसवतो. त्या पृष्ठभागापासून माथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे त्या जागी जंगलाची उंची.

भारतात सरकारनं लायडारचं मोठं काम हाती घेतलं ते या जमिनीच्या नकाशासाठीच, झाडांसाठी नाही. जुलै २०२०मध्ये वॅप्कॉस या सरकारी कंपनीला २६ राज्यांतल्या २,६१,८९७ हेक्टर वनक्षेत्राचं काम दिलं गेलं. उतार कुठे, ओघळ कुठे, पाणी कुठे अडवता येईल आणि चारा कुठे वाढवता येईल, हे त्यातून ठरवायचं होतं. जून २०२१मध्ये पहिल्या १० राज्यांचे आराखडे जाहीर झाले. त्यात महाराष्ट्र आणि गोवा होते. पानांखालची जमीन दाखवणारं दुसरं सोयीचं साधन नाही, हे त्यामागचं कारण.

४. ड्रोन नेमका कुठे होता?

लेसर अंतर सांगतो. कुठून अंतर, हे त्याला माहीत नसतं. ड्रोन वाऱ्यानं हलतो, वळताना कलतो, आणि १०० मीटर उंचीवर फक्त ०.१ अंशाची चूक झाली तरी खालचा बिंदू १७ सेंटिमीटर सरकतो.

म्हणून डबीत आणखी दोन यंत्रं असतात. एक उपग्रहांवरून जागा काढतं. मोबाइलमधलं हेच यंत्र काही मीटर चुकतं, म्हणून जमिनीवर माहीत असलेल्या जागी तिपाईवर दुसरं यंत्र ठेवून ड्रोनची चूक दुरुस्त करतात आणि ती काही सेंटिमीटरवर आणतात. दुसरं यंत्र कल आणि वळण सेकंदाला शेकडो वेळा नोंदवतं. लेसर स्वस्त झाला तरी चांगल्या लायडारची किंमत खाली यायला वेळ लागला तो बराचसा या कल मोजणाऱ्या यंत्रामुळे.

५. बिंदूंतून झाड

उड्डाण संपल्यावर हाती येतो तो कोट्यवधी बिंदूंचा ढीग. प्रत्येक बिंदूला तीन आकडे: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण, उंची. पडद्यावर तो फिरवून पाहिला की जंगल धुक्यातून उगवल्यासारखं दिसतं, आणि पहिल्यांदा पाहणारा माणूस हटकून भुलतो. पण त्यात ‘हे झाड, ते झाड’ असं काही लिहिलेलं नसतं. झाडं संगणकाला वेगळी करावी लागतात. रीत सोपी: जिथे उंची आजूबाजूपेक्षा जास्त तो शेंडा, शेंड्यापासून उंची उतरत जाऊन जिथे पुन्हा चढायला लागते ती दोन झाडांमधली हद्द.

ओळीत लावलेल्या सागाच्या रोपवनात हे झकास जमतं. डांगच्या मिश्र जंगलात साग, ऐन, कळंब, हळदू एकमेकांत घुसलेले असतात आणि खाली बांबू. मोठ्या झाडाखालचं लहान झाड संगणकाला सापडतच नाही. उलट ऐनाचे दोन फाटे असतील तर तो दोन झाडं मोजतो. ‘ड्रोननं जंगलातलं प्रत्येक झाड मोजलं’ अशी जाहिरात दिसली की मी तिथेच वाचायचं थांबवतो. माथ्याला आलेली झाडं मोजली, इतकंच खरं असतं.

झाडाची जातही लेसरला कळत नाही. त्यासाठी रंगांचे बारीक पदर टिपणारा कॅमेरा लागतो. २०१६ साली इस्रो आणि नासानं असा कॅमेरा विमानात बसवून देशातल्या काही जंगलांवरून फिरवला. नर्मदा जिल्ह्यातलं शूलपाणेश्वर अभयारण्य त्यात होतं.

उंचीच्या बाबतीत मात्र लेसरवर भरवसा ठेवावा. बोर्निओतल्या साबा राज्यात २०१८ साली लायडारच्या बिंदूंमध्ये एक अचाट उंच झाड सापडलं. पिवळ्या मेरांटी जातीचं. जानेवारी २०१९मध्ये उंडिंग जामी नावाचा गिर्यारोहकासारखा झाडं चढणारा माणूस टेप घेऊन शेंड्यापर्यंत गेला आणि टेप खाली सोडली: १००.८ मीटर.

६. उंची कळली, घेर कुठून आणायचा?

आता मूळ अडचण. लाकूड किती, हे उंचीपेक्षा खोडाच्या जाडीवर जास्त ठरतं, आणि खोड पानांखाली लपलेलं. वरून येणारा झोत खोडाला जवळजवळ समांतर जातो, त्यामुळे छातीच्या उंचीवर खोडाला लागलेले बिंदू मोजकेच मिळतात. त्यांच्यावर वर्तुळ बसवणं म्हणजे दोन दगडांवरून गडाचा परीघ सांगणं.

गणितात हे किती महाग पडतं ते पाहा. खोडाची जाडी हिशेबात वर्ग होऊन येते. उंचीत १० टक्के चूक झाली तर लाकडात १० टक्केच चूक होते. घेर १० टक्के जास्त धरला तर १.१ गुणिले १.१, म्हणजे लाकूड २१ टक्के जास्त निघतं. ड्रोन जे छान मोजतो त्याला हिशेबात एकच भाव आहे, आणि जे मोजू शकत नाही त्याला दुप्पट.

एक झाड धरून चालू. साग, घेर ९४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ३०. उंची १८ मीटर. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी २०१४ साली झेरोम शाव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र प्रसिद्ध केलं. त्यात व्यास, उंची आणि लाकडाची घनता घातली की जमिनीवरच्या सबंध झाडाचं कोरडं वजन निघतं. घनता पाण्याच्या ०.५५ पट धरली तर आपला साग सुमारे ४८० किलोंचा भरतो. त्यात कार्बन ४७ टक्के, म्हणजे सव्वादोनशे किलो. एवढा कार्बन हवेतून घ्यायला लागलेला कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी ४४ भागिले १२नं गुणायचं: सुमारे ८३० किलो.

आणि हे सूत्र आलं कुठून? ५८ ठिकाणची ४,००४ झाडं खरोखर तोडून, मोजून, त्यांच्या वजनांवरून. न तोडलेल्या झाडाचं वजन आपण सांगतो ते कुणीतरी कुठेतरी तोडलेल्या झाडांच्या जोरावर.

घेराची अडचण सोडवायला दोन वाटा आहेत. पहिली: झाडाच्या डेऱ्याचा विस्तार आणि उंची यांवरून घेराचा अंदाज. मोठा डेरा तर जाड खोड, हे साधारण खरं. पण रस्त्याकडेचा एकटा साग ऐसपैस पसरतो आणि दाटीतला त्याच जाडीचा साग शेलाटा राहतो. सूत्र एकाचं आणि झाड दुसरं, असं झालं की हिशेब फसला.

दुसरी वाट मला जास्त प्रामाणिक वाटते. नॉर्वेत २००२पासून जंगलाची व्यावसायिक मोजणी अशी होते. झाडं सुटी करायचीच नाहीत. जंगलात काही ठिकाणी चौकोन आखायचे. भारतीय वन सर्वेक्षणानं ०.१ हेक्टरचे, म्हणजे साधारण ३१.६ मीटर बाजूचे चौकोन वर्षानुवर्षं वापरले. त्या चौकोनांत माणसं उतरून प्रत्येक झाडाला टेप लावतात. मग त्याच चौकोनांवरचे लेसरचे बिंदू काय म्हणतात ते पाहायचं. समजण्यापुरते आकडे घेऊ: जिथे लेसर सरासरी उंची १५ मीटर दाखवतो तिथे टेपवरून हेक्टरी ११० टन निघाले; जिथे २० मीटर, तिथे १७० टन. आता माणूस कधीच न गेलेल्या एखाद्या तुकड्यावर लेसर १७ मीटर म्हणतो. ५ मीटरला ६० टन वाढतात, २ मीटरला २४. म्हणून १३४ टन. प्रत्यक्षात उंचीबरोबर पानोळ्याची दाटी वगैरे आणखी पाचसहा मापं घेतात, पण गाभा हाच: त्रैराशिक.

म्हणजे चौकोनातली टेप चुकली तर ती चूक ड्रोन सगळ्या जंगलभर पसरवतो, तीही सुबक रंगीत नकाशात. सागाचा बुंधा पुष्कळदा खोबणीदार असतो. टेप खोबणीवरून सरळ गेली की घेर उगाच फुगतो. चौकोनाचा कोपरा साध्या मोबाइलनं नोंदवला आणि तो ५ मीटर सरकला, तर माणसानं मोजलेली झाडं एक आणि लेसरनं पाहिलेली दुसरीच. लाखोंचं यंत्र आणून कोपऱ्याच्या खुंटीवर काटकसर करणं हा या कामातला सगळ्यात महागडा शहाणपणा आहे.

७. सुरतेकडे उडवायचं तर

सुरत जिल्ह्यातलं जंगल मांडवी आणि उमरपाडा तालुक्यांच्या बाजूला. दक्षिणेला डांग, जिथे जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. हे पानगळीचं जंगल. फेब्रुवारी ते मे साग निष्पर्ण असतो. तेव्हा उडवलं तर लेसर सरळ मातीवर पोचतो, जमीन आणि खोडं चांगली मिळतात, पण डेरा अर्धवट सापडतो. पावसाळा सरल्यावर उडवलं तर डेरा भरघोस आणि जमीन झाकलेली. दोनदा उडवण्याइतके पैसे असतील तर उत्तम; एकदाच उडवायचं असेल तर मी उन्हाळा निवडीन, कारण जमीन चुकली की उंचीही चुकते. भर पावसात प्रश्नच नाही. थेंबांवरूनच परतावे येतात.

किनाऱ्यावर गणित वेगळं. हजिरा-डुमस बाजूच्या खाडीतली तिवरं चिखलात उभी; तिथे टेप घेऊन फिरणं म्हणजे कंबरेइतक्या गाळात जाणं. इथे ड्रोन खरा उपयोगी. फक्त वेळ ओहोटीची हवी, कारण या लेसरचा अवरक्त प्रकाश पाण्यात शिरत नाही. भरतीच्या वेळी पाण्याचीच पातळी जमीन म्हणून नोंदली जाईल.

परवानगीचं म्हणाल तर २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रातही कमाल उंची ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत पिवळं क्षेत्र. तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. डुमसच्या तिवरांना हे सरळ लागू, कारण सुरतेचा विमानतळ बाजूलाच. लायडारवाले ड्रोन साधारणपणे २ ते २५ किलोंच्या गटातले, म्हणून चालकाला प्रमाणपत्र हवं. ९ फेब्रुवारी २०२२पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर मोजके अपवाद सोडून बंदी आहे.

आणखी एक अपेक्षा लोक ठेवतात, तिचाही निकाल लावून टाकू. वनहक्क कायद्याच्या दाव्यांत जमीन १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून कसत होतो हे दाखवावं लागतं. आज उडवलेला ड्रोन आजचं झाड आणि आजचं शेत दाखवतो. २००५ साली तिथे नांगर फिरत होता का, याबद्दल तो ना दावेदाराचा साक्षीदार, ना खात्याचा.

८. पाच वर्षांनी पुन्हा

कार्बनचा व्यवहार करणाऱ्यांना जंगलात आज किती आहे यापेक्षा दरम्यान किती वाढलं यात रस असतो. त्यासाठी तेच जंगल पुन्हा उडवून दोन नकाशांची वजाबाकी करतात. तोडलेली, पडलेली, जळालेली झाडं या वजाबाकीत लख्ख दिसतात. जिथे १८ मीटर होतं तिथे शून्य. हे लेसरचं सगळ्यात खात्रीचं काम.

वाढ दिसायला कठीण. कोवळा साग उंचीनं भराभर वाढतो आणि दोन उड्डाणांत फरक सहज पकडला जातो. वयात आलेला साग उंचीला जवळजवळ थांबतो, पण जाड होत राहतो. पाच वर्षांत त्याची उंची एखाद्या हातभर वाढली तर ती लेसरच्या चुकीतच विरून जाते, आणि तेवढ्या काळात खोडात भरलेलं लाकूड वरून दिसत नाही. अशा जंगलाची वाढ सांगायची तर चौकोनांतल्या त्याच झाडांना त्याच उंचीवर पुन्हा टेप लावायला हवी. म्हणून पहिल्या मोजणीत खोडावर १.३७ मीटरला मारलेला रंगाचा पट्टा दर एकदोन वर्षांनी उजळून घेतात. साल सुटली की तो रंगही सुटतो, आणि पट्टा अंदाजानं दुसरीकडे मारला तर पाच वर्षांच्या वाढीएवढा फरक नुसत्या जागेमुळे पडू शकतो.